पेनीच्या मागचं नाव

परवा शाळेत शिकवून परतताना ग्योतोकु स्टेशनाबाहेर सायकलचं कुलूप काढत होते आणि वास आला. आला म्हणजे अंगावरच आला. किनमोकुसेई. सप्टेंबर सरता सरता इथे जपानात हे झाड फुलतं. एरवी वर्षभर ते कुंपणाचं एक साधं हिरवं झुडूप असतं, त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. मग एका सकाळी सगळी वस्ती गोड वासाने भरून जाते आणि शेजारणी एकमेकींना सांगतात, आला बरं का शरद. फुलं नारिंगी, तांदळाच्या कणीएवढी. आठवड्याभरात झडतात आणि खाली सडा पडतो, नुसत्या प्राजक्ताच्या देठांचा पडावा तसा. मी सायकल धरून तशीच उभी राहिले. मागच्या बाईंनी ‘सुमिमासेन’ म्हणून वाट मागितली तेव्हा भानावर आले.

मला हा वास आता सोसत नाही. त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नाही. पण बाबा आमच्याकडे राहायला आले ते ह्याच दिवसांत, आणि आल्या आल्या स्टेशनाबाहेर थबकून त्यांनी विचारलं होतं, “मंजू, इथे प्राजक्त कुठे आहे ग?” मी म्हटलं, बाबा, हा प्राजक्त नाही, हे इथलं झाड आहे. “असं होय,” म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा तेच विचारलं. तिसऱ्या दिवशीही. मी प्रत्येक वेळी तेच उत्तर दिलं, आणि प्रत्येक वेळी माझा आवाज जरा जास्त चढत गेला.

बाबा साताऱ्याच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. नाण्यांचा नाद असलेली माणसं साताऱ्यात काही कमी नाहीत, शिवराया जमवणारे गल्लोगल्ली सापडतील. आमच्या बाबांनी जीव लावला तो मात्र हजार वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधल्या चांदीच्या पेनीवर. तिशीत असताना कॉलेजने त्यांना कसल्याशा प्रशिक्षणासाठी इंग्लंडला पाठवलं होतं. तिथे एका दुपारी पाऊस लागला म्हणून ते एका म्यूझियममध्ये शिरले आणि एका काचेच्या पेटीपुढे संध्याकाळपर्यंत उभे राहिले. परत आले ते एक पेनी घेऊन. आईला वाटलं होतं, स्वेटर आणतील.

आपल्या पंचवीस पैशांच्या नाण्याएवढी ती. पातळ इतकी की हातात घेतली तर वजनच लागत नाही. पुढच्या बाजूला एथेलरेड राजा, केस साळिंदरासारखे उभे, डोळा वाटाण्यासारखा गोल. मागच्या बाजूला एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलेला लांबलचक क्रूस. अर्धी पेनी हवी असेल तर लोक त्या रेषेवर सरळ कापून दोन तुकडे करायचे. आणि त्या क्रूसाच्या भोवती, गोल, ते नाणं पाडणाऱ्या माणसाचं नाव आणि त्याचं गाव. लिओफविन, लंडन. आई त्याला लिंबाजी म्हणायची. “तुमच्या लिंबाजीला म्हणावं, जेवायला या, ताटं वाढलीत.”

ह्या लिंबाजीवर बाबांचा फार जीव. राजाविषयी ते फारसं बोलायचे नाहीत, राजा भित्रा होता म्हणायचे. पण लिंबाजी! चांदीत खोट सापडली तर राजाकडे कोण जाणार? नाणं उलटं करायचं, नाव वाचायचं आणि त्या माणसाला धरायचं. नाणं खोटं निघालं तर त्याचा हात तोडत आणि टांकसाळीच्या दारावर टांगत. लहानपणी ही गोष्ट ऐकताना दादा आणि मी आपापले हात पाठीमागे लपवायचो. बाबा म्हणायचे, “पुढे तोंड कुणाचंही असो, जबाबदार माणूस मागे असतो. त्याचं नाव वाचायला शिका.”

राजाच्या गालावर दोन बारीक टोचे आहेत. बोटाला लागतात. डेन लोक समुद्रावरून लुटायला यायचे, त्यांनी परत जावं म्हणून एथेलरेड त्यांना पोतीच्या पोती पेन्या भरून द्यायचा. त्या लोकांचा कुणावरच विश्वास नसायचा. चांदी आतपर्यंत चांदीच आहे का, हे बघायला ते सुरीचं टोक नाण्यात खुपसून बघायचे. नाणं हातोहात फिरलं की टोचे वाढत जायचे. आमच्या पेनीवर दोनच, म्हणून बाबा तिला नशीबवान म्हणायचे.

एक गोष्ट मात्र घरात वेदवाक्य होती. पेनी घासायची नाही. तिच्यावर चढलेला काळेपणा हे तिचं वय आहे, तो घालवला तर अक्षरं झिजतात, आणि एकदा घासलेलं नाणं पुन्हा कधी पहिल्यासारखं होत नाही. दरवर्षी लक्ष्मीपूजनाच्या सकाळी आई चांदीची भांडी काढून बसायची. निरांजनं, अत्तरदाणी, लक्ष्मीचं नाणं, दादाच्या बारशातला वाटी-चमचा. पांढरं दंतमंजन आणि जुना ब्रश. आणि दरवर्षी आतल्या खोलीकडे बघत हाक मारायची, “अहो, तुमची गोरी किती काळवंडलीय. आणा इकडे, एक हात फिरवते.” बाबा पेनीची डबी खिशात घालून सरळ बाहेर निघून जायचे आणि पूजेच्या वेळेलाच परत यायचे. आम्ही पोरं हसून लोळायचो. आई हसायची, पण एकदा म्हणाली होती, “एवढं मागितलं तर काय बिघडतं ह्यांचं? पूजेत सगळी चांदी असते, तेवढी एक नसते.”

आई गेली आणि वर्षभरात दादाचे पुण्याहून फोन सुरू झाले. बाबा साताऱ्याच्या फ्लॅटमध्ये एकटेच होते. गॅस चालू राहतो म्हणे. दूधवाल्याशी भांडतात, आणि त्याला दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाने हाक मारतात. दादाला फ्लॅट बंद करून त्यांना पुण्याला न्यायचं होतं. बाबा ऐकेनात. माझं घर आहे, माझी पुस्तकं आहेत, मला काय धाड भरलीय. शेवटी असं ठरलं की बाबांनी तीन महिने माझ्याकडे यावं. “तू शांतपणे बघ,” दादा म्हणाला, “आणि मला खरं काय ते सांग. तू म्हणालीस ते राहू शकतात एकटे, तर मी पुन्हा विषय काढणार नाही.” म्हणजे बाबांचं घर राहणार की जाणार, ते माझ्या शब्दावर आलं. त्या दिवसांत माझा नवरा, नीलेश, त्याच्या प्रोजेक्टवर सेंदाईला होता, पंधरा दिवसांनी एकदा यायचा. घरात मी, दहा वर्षांची इरा आणि बाबा. येताना बाबांनी दोन शर्ट कमी आणले होते, पण आतल्या खिशात आईच्या अंगठीची डबी होती आणि डबीत पेनी.

इराशी त्यांचं पहिल्याच दिवशी जमलं. ती घरात अर्धं जपानी बोलते. “आजोबा, कोरे नानी?” हे काय आहे, म्हणून डबीकडे बोट दाखवलं आणि बाबांना तेवढंच हवं होतं. जेवणाच्या टेबलावर दिवा ओढून घेतला, भिंग काढलं, आणि एथेलरेड, लिंबाजी, डेन लोक, तोडलेला हात, सगळं अथपासून इतिपर्यंत. एक शब्द अडखळला नाही. राजाने नाण्याचा छाप किती वेळा बदलला, कुठल्या छापात केस कसे, सगळं मुखोद्गत. मी ओट्यापाशी पोळ्या लाटत ऐकत होते आणि मनात म्हणत होते, दादाला वेड लागलंय, ह्या माणसाला काही झालेलं नाही. मग बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, “मुलगी हुशार आहे हो. कुणाची?”

पोळी तव्यावर करपली.

मग मी विचारायला लागले. सगळेच विचारतात, घरात असं काही सुरू झालं की. बाबा, आज वार कोणता? सकाळी काय खाल्लंत? इरा कितवीत आहे? दादा व्हिडिओ कॉलवर हसत हसत विचारायचा, “बाबा, माझं ऑफिस कुठे आहे सांगा बरं.” बाबा फार चलाख. वार विचारला की म्हणायचे, रिटायर्ड माणसाला सगळे रविवारच. काय खाल्लं विचारलं की, तू जे केलंस ते. दर उत्तरानंतर मी आणि दादा पडद्यावर एकमेकांकडे बघायचो आणि बाबा आमच्या दोघांकडे बघायचे.

ऑक्टोबरच्या एका रविवारी आम्ही जुन्या एदोगावा नदीच्या बांधावर बसलो होतो. इथे शरदात म्हातारे लोक घडीच्या खुर्च्या टाकून गळ लावून बसतात, बोटभर मासे मिळतात, पण बसतात दिवसभर. ऊन कोवळं होतं. बाबा त्या म्हाताऱ्यांकडे अगदी हेवा वाटावा तसे बघत होते. मी गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं? पण नाही. “बाबा, आपण आत्ता कुठे आलोय?”

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, “टोचून बघतेस होय?”

“नाही हो, मी आपलं सहज...”

“बघ, बघ. चांदी आहे की नाही, बघितलंच पाहिजे.” आणि माझा हात हातात घेऊन थोपटला. “पण मंजू, सारखं टोचलंस तर तोंडच राहायचं नाही ग.”

मी त्यानंतर त्यांना एकही प्रश्न विचारला नाही. दादालाही सांगितलं, तू विचारू नकोस. तो चिडला. मग ठरवायचं कसं, म्हणाला. त्याचंही खरंच होतं.

पुढच्याच आठवड्यात ते हरवले. मी शाळेत शिकवत असताना कोबानमधून, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या पोलीस चौकीतून फोन आला. धावत गेले तर बाबा खुर्चीत ताठ बसलेले, समोर हिरव्या चहाचा कप, आणि पोलिसाला इंग्रजीतून समजावून सांगत होते की मी साताऱ्याला पोस्टाच्या मागे राहतो, तुम्ही मला फक्त पोस्टापर्यंत सोडा. पोरसवदा पोलीस दर वाक्याला मान लववत होता. त्याने बाबांच्या फोनवरून मला शोधलं होतं. मला बघून बाबांचा चेहरा असा उजळला की मला रडूच फुटलं. घरी आल्यावर मी त्यांना बजावलं, फोन घेतल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. दुसऱ्या दिवशी ते फिरायला गेले आणि फोन उशाशीच.

युक्ती इराने काढली. जाड पुठ्ठ्याचा गोल कापला, संत्र्याएवढा. एका बाजूला आजोबांचं तोंड काढलं, बाजूने, नाक मोठं, केस साळिंदरासारखे उभे. भोवती गोल अक्षरांत त्यांचं नाव. मागच्या बाजूला कडेपासून कडेपर्यंत क्रूस, आणि त्याच्याभोवती जपानीत माझं नाव, ग्योतोकु, आणि माझा फोन नंबर. बाबांना दिला तेव्हा त्यांनी भिंग मागितलं. पुढची बाजू बघितली, खूष झाले. उलटा केला.

“हे कुणाचं नाव?”

“मामाचं,” इरा म्हणाली. मामा म्हणजे इथे आई. “तुम्ही हरवलात की पोलीस उलटं करून वाचणार, आणि मामाला पकडणार.”

“बरोबर,” बाबा गंभीरपणे म्हणाले. “हात तिचा जाणार.” आणि तो गोल त्यांनी शर्टाच्या खिशात घातला. त्यानंतर फोन विसरायचे, चष्मा विसरायचे, पण तो पुठ्ठा कधी विसरले नाहीत. शर्ट बदलला की ह्या खिशातून त्या खिशात.

मग किनमोकुसेई झडून गेला, गिंकोची झाडं पिवळी व्हायला लागली, दिवाळी आली. इथे दिवाळीची सुट्टी नसते. बाल्कनीत आकाशकंदील लावायचा, फराळाचं रात्रीचं थोडं थोडं करायचं, आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ऑफिस, शाळा करून घरी पळत यायचं. त्या सकाळी मी चांदीची चार भांडी सिंकपाशी काढून ठेवली होती, आल्यावर घासू म्हणून. बाबा हरवल्यापासून दुपारी मी घरी एक चक्कर मारत असे, त्या दिवशी जमणार नव्हतं, म्हणून शेजारच्या बाई डोकावून गेल्या होत्या, सगळं दाइजोबु आहे, काळजी नको, असा त्यांचा निरोप होता.

दार उघडलं तर घरभर टूथपेस्टचा वास. बाबा बाह्या सरसावून ओट्यापाशी उभे, कोपरापर्यंत पांढरा फेस. निरांजन लखलखत होतं, ताम्हण लखलखत होतं. टॉवेलवर सगळं ओळीने मांडलेलं, आईसारखंच, मोठ्यापासून लहानापर्यंत. शेवटी पेनी.

मी तिला ओळखलंच नाही. इतकी पांढरी. राजाचे केस बोथट झाले होते. मी ती उचलली, उलटी केली. क्रूस होता. लिंबाजीच्या नावाची पहिली दोन अक्षरं पुसट झाली होती. नुसत्या ब्रशने एवढी जाणार नाहीत, पण सिंकमध्ये तारेची घासणीही पडलेली दिसली.

“बाबा, हे काय केलंत?”

“काय केलं म्हणजे? आज लक्ष्मीपूजन ना?” ते इतके आनंदात होते. हात पुसत आतल्या खोलीकडे मान वळवून जरा मोठ्याने म्हणाले, “बघ ग, दिली एकदाची. किती वर्षं मागत होतीस.”

आतल्या खोलीत कुणी नव्हतं. इराचा अभ्यासाचा टेबल आणि वाळत टाकलेले कपडे.

मी ह्यावर पुष्कळ विचार केला आहे. जन्मभर जिवापाड जपलेला नियम ते विसरले, हे तर खरंच. पण आईचं ते मागणं, जे आम्ही सगळे थट्टेवारी नेत आलो, तेवढं त्यांच्या मनात कुठेतरी होतंच ना? नियम होता तोवर त्याला वर यायला वाव नव्हता. मला आजही कळत नाही की त्या दुपारी बाबा गेले, की इतक्या वर्षांनी आईपाशी पोचले. कधी एक वाटतं, कधी दुसरं. दोन्हीने सारखंच रडू येतं.

संध्याकाळी पूजा मांडली. पेनी लक्ष्मीपुढे ठेवली. बाबांनी स्वतः हळदकुंकू वाहिलं, राजाच्या गालावर, त्या टोच्यांवर. इरा माझ्याकडे बघत होती. तिला नियम माहीत होता, भिंगाखाली बसवून बाबांनीच सांगितला होता. पण तिने फक्त जाऊन आजोबांचा हात धरला.

पूजेनंतर दादाचा फोन आला. शुभेच्छा झाल्या, फराळ झाला, मग त्याने आवाज खाली आणून विचारलं, “काय वाटतं तुला? काय करायचं फ्लॅटचं?”

मी गॅलरीत गेले. हरवल्याचं मी त्याला सांगितलं होतं, तव्यावरच्या पोळीचं सांगितलं होतं, तरी आम्ही दोघं आपापसांत वाद घालत होतो, परका देश आहे, वय आहे, होतं असं. आता वाद घालण्यासारखं काही उरलं नव्हतं.

“दादा, बाबांनी पेनी घासली.”

फटाक्यांचे आवाज येत होते पुण्याचे. मग माझा पन्नाशीचा भाऊ, जो आईच्या वेळीही सगळ्यांसमोर रडला नव्हता, हुंदके देऊन रडायला लागला. आम्ही दोघं तसेच फोन धरून उभे होतो. त्याने पुन्हा काही विचारलं नाही, आणि डिसेंबरात साताऱ्याचा फ्लॅट रिकामा केला.

बाबांना न्यायला दादाच आला होता. विमानतळावर आत जाताना बाबांनी मला दोन्ही हात जोडून नमस्कार केला. “तुम्ही फार केलंत माझं,” म्हणाले. जन्मात मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं त्यांनी. पेनीची डबी त्यांनी न मागताच इराच्या हातात दिली. मी त्यांचा खिसा चाचपून बघितला, पुठ्ठा होता. भारतात त्या जपानी अक्षरांचा काय उपयोग, म्हणून काढून घेणार होते, पण त्यांनी खिशावर हात दाबून धरला, म्हणून राहू दिला.

ह्या चैत्रात बाबा गेले. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

पेनी आमच्याकडेच आहे. इथल्या दमट हवेत तिच्या कडेला पुन्हा काळसर रंग धरायला लागलाय, अगदी बारीक, नखाच्या मळासारखा. इरा आता उंच झालीय, माझ्याशी जपानीतच भांडते. काल तिने डबी उघडून बघितली आणि मराठीत विचारलं, “ह्या वर्षी पूजेत ठेवायची का?” ठेवू म्हटलं. “घासायची?” मी उठून खिडकी लावली. खालच्या कुंपणातून वास तरी येतच होता.

पुण्याला दादाच्या घरी बाबांना सांभाळायला एक मावशी यायच्या. मी निघाले त्या दिवशी त्यांनी पदराच्या गाठीतून काढून तो पुठ्ठा माझ्या हातावर ठेवला. कडा मऊ पडून फुगल्या होत्या, चित्रातलं नाक पुसून गेलं होतं. “हे तेवढं कधी सोडलं नाही बघा त्यांनी,” मावशी म्हणाल्या. “माणसं ओळखायचं तर कधीच गेलं होतं. पण संध्याकाळ झाली की घाबरायचे. मग खिशातून हे काढायचे आणि उलटं करून मला दाखवायचे. मला काय ती अक्षरं कळतात? म्हणायचे, मागं नाव आहे बघा. ती येईल आत्ता न्यायला.”

नाव माझं होतं. मी इथे होते.